ससाण्याचं पिल्लू ट्रेन करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ससाण्याबद्दल लोक जे प्रश्न सतत पाठवत असतात ते इथे एकत्र केलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे पुढे किचकट होत जातात. एकच गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून मध्येमध्ये "प्रश्न अमुक बघा" असं टाकलंय, तेवढं वर-खाली करून वाचा.

1. मुळात ससाणा पाळणं लीगल आहे का?

देशानुसार उत्तर बदलतं आणि पिल्लू शोधायच्या आधी हेच बघायचं. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ससाणा पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे, "छंद म्हणून" वगैरे काही सूट नाही. अमेरिकेत परमिट लागतं, बारा वर्षांच्या वर वय, ऐंशी टक्के मार्कांची लेखी परीक्षा, अनुभवी माणूस स्पॉन्सर म्हणून आणि किमान दोन वर्षं शिकाऊ म्हणून काढायची. ब्रिटनमध्ये तशी परीक्षा नाही, पण पक्षी बंदिस्त पैदाशीतलाच हवा आणि त्याची कागदपत्रं हवीत. अमिरातीत तर ससाण्याला स्वतःचा पासपोर्ट मिळतो, कारण बहिरी ससाणा साईटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे आणि कागदाशिवाय त्याला सीमा ओलांडता येत नाही. ससाणा शिकवून उडवायची ही कला युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत 2010 साली गेली म्हणून सगळीकडे परवानगी आहे असं अनेकांना वाटतं, तसं अजिबात नाही. वाचणारे बरेच जण बाहेरच्या देशात हे शिकतायत किंवा पक्षी बचाव केंद्रात काम करतायत, पुढचं सगळं त्यांना धरून आहे.

2. नवशिक्याने कुठला ससाणा घ्यावा? छोटा घेतला तर सोपं जाईल ना?

उलटं आहे. छोटा म्हणजे सोपा हा गैरसमज फार महागात पडतो, पक्ष्याच्या जिवावर पडतो. खरूची किंवा मर्लिन जेमतेम दोनशे ग्रॅमची, तिच्यात पाच-सात ग्रॅमची चूक म्हणजे सकाळी पक्षी मेलेला. बहिरी ससाण्याची मादी साधारण नऊशे ग्रॅम ते किलोच्या आसपास, नर सहाशेच्या आजूबाजूला, तिथे चुकायला थोडी जागा असते. शिकायला लॅनर जातीचा ससाणा चांगला म्हणतात, स्वभाव शांत असतो आणि चूक पोटात घालतो. जायर ससाणा किंवा त्याचे संकर पहिल्यांदा घेऊ नका, ते ताकदवान आहेत, लांब जातात आणि फुफ्फुसाच्या बुरशीला पटकन बळी पडतात.

नर की मादी हा प्रश्न जोडून येतोच. नर मादीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश लहान असतो. मादी थोडी स्थिर, नर चपळ आणि जरा तापट असं ढोबळमानाने म्हणतात पण पक्ष्यागणिक फरक इतका असतो की यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

3. पिल्लू जेवढं लहान आणावं तेवढं माणसाळतं, बरोबर?

माणसाळतं, आणि तिथेच घोळ होतो. डोळे उघडल्यापासून एकट्या पिल्लाला हाताने भरवलं की ते माणसालाच आईबाप समजतं, याला इम्प्रिंट म्हणतात. मग ते मोठं झालं तरी तुम्हाला बघून भूक लागल्यासारखं किंचाळत राहतं, खाण्यावरून तुमच्यावर धावून येतं, चेहऱ्यावर सुद्धा. अनुभवी लोक मुद्दाम इम्प्रिंट वाढवतात पण त्यांची पद्धत वेगळी असते, पिल्लाला अन्न नेमकं कुठून येतं हे कळूच देत नाहीत. पहिल्या पक्ष्याला हा प्रयोग नको.

नवशिक्यासाठी खऱ्या आईबापांनी वाढवलेलं पिल्लू घ्यावं. सहा आठवड्यांच्या आसपास ते उडायला लागतं, पण पिसांच्या नळ्या कडक व्हायला अजून वेळ लागतो, मुळाशी रक्त असतं, त्यामुळे आठ-दहा आठवड्यांचं झाल्यावरच हातात घ्यायचं. त्याआधी घेतलं, ताण आला किंवा खाणं चुकलं तर पिसांवर आडवी कमकुवत रेघ पडते आणि पुढे बरोबर तिथेच पीस तुटतं. मोडलेल्या पिसाचं काय करायचं ते प्रश्न 19 मध्ये आहे.

4. सामान काय काय लागतं?

ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा. हा पहिला लिहिलाय कारण लोक ग्लोव्ह आणि पक्ष्याची टोपी देखणी आणतात आणि काटा किचनमधला वापरतात. मग डाव्या हाताचा जाड चामडी ग्लोव्ह, पायातले चामड्याचे कडे, त्यातून जाणारे पट्टे म्हणजे जेसेस, पीळ पडू नये म्हणून स्विव्हल, बांधायची दोरी म्हणजे लीश, बसायला ब्लॉक, टोपी, परत बोलवायचं आमिष म्हणजे ल्युअर (प्रश्न 12), लांब हलकी दोरी, अंघोळीला उथळ टब, आणि पक्षी मोकळा सोडायच्या आधी त्याला लावायला ट्रान्समीटर, म्हणजे हरवला तर सिग्नलवरून शोधता येतो. घंटी स्वस्त असते पण जवळच्या झाडीत लपलेला पक्षी शोधायला आजही कामाची.

ससाण्याला सपाट डोक्याचा ब्लॉक लागतो कारण तो कड्यावर बसणारा पक्षी आहे. शिक्रा-बाज जातीचे झाडावर बसणारे पक्षी, त्यांना कमानीसारखी काठी. ब्लॉकवर खरबरीत कृत्रिम गवत लावा, नुसतं गुळगुळीत लाकूड नको, कारण प्रश्न 18 मध्ये.

जेसेस दोन प्रकारच्या ठेवा. बांधायच्या वेळच्या जेसेसना टोकाला चीर असते, उडवायच्या वेळच्या बिनचिरेच्या असतात. चीर असलेल्या जेसेस घालून पक्षी मोकळा उडाला आणि ती फांदीत अडकली तर तो उलटा लटकून मरतो. आणि लीशची गाठ एका हाताने मारायची प्रॅक्टिस पक्षी यायच्या आधीच करा, दुसऱ्या हातावर तो बसलेला असणार आहे.

5. पहिल्या दिवशी काय करायचं?

फार काही नाही. अंधारी किंवा मंद उजेडाची खोली, पक्षी ग्लोव्हवर, त्याच्या पायाखाली मांसाचा तुकडा, आणि तुम्ही शांत बसून. डोळ्यात डोळे घालून बघू नका, ससाण्याच्या दृष्टीने टक लावून बघणारा म्हणजे हल्ला करणारा. थोडं तिरकं बघा, मोबाईल बघा, काहीही करा पण हात स्थिर ठेवा. तो मान खाली घालून पहिला घास तोडतो तो क्षण महत्त्वाचा, त्याने तुमच्या समोर मान खाली घातली म्हणजे दोन सेकंद का होईना तुमच्यावरची नजर काढली. त्यावेळी हलायचं नाही, "वा वा" म्हणायचं नाही, फोटो काढायचा नाही.

पूर्वी लोक पक्ष्याला रात्र रात्र जागवायचे, स्वतःही जागायचे, थकला की ऐकतो म्हणून. माझ्या मते त्याची गरज नाही, काटा आणि धीर असेल तर तेच काम कमी ताणात होतं.

6. हातावरून सारखा झेप घेतो आणि उलटा लटकतो, काय करू?

याला बेट करणं म्हणतात आणि सुरुवातीला प्रत्येक पिल्लू करतं. ओढायचं नाही, झटका द्यायचा नाही. मोकळा हात पाठीखाली किंवा छातीखाली घालून हलकेच वर उचलून परत ग्लोव्हवर ठेवायचं, दरवेळी तसंच, शंभर वेळा झालं तरी चिडायचं नाही. ससाण्याला शिक्षा कळत नाही. कुत्र्याला मालक रागावलाय हे समजतं, ससाण्याला फक्त एवढं समजतं की या माणसाजवळ गेलं की वाईट होतं, आणि ते तो विसरत नाही.

दोन-चार दिवसांनीही तेवढ्याच जोरात चालू असेल तर कारण शोधा. समोर कुत्रं आहे का, तुम्ही टोपी घातलीय का, वारा मागून येऊन पिसं उलटी होतायत का (पक्ष्याचं तोंड नेहमी वाऱ्याकडे ठेवा), का वजन अजून खूप जास्त आहे. बहुतेक वेळा शेवटचं निघतं.

7. दोन दिवस झाले काहीच खात नाही. घाबरू का?

मोठ्या, चांगल्या भरलेल्या ससाण्याने पहिले एक-दोन दिवस हातावर न खाणं नॉर्मल आहे, अंगात साठा असतो. छोट्या जातींमध्ये मात्र एवढी वाट बघायची नाही. रोज वजन करा आणि छातीचं मधलं हाड बोटांनी चाचपा, दोन्ही बाजूंना मांस गोलसर लागलं तर वेळ आहे, हाड सुरीसारखं टोचत असेल तर ट्रेनिंग बंद करून पोटभर खायला घाला, कुठेही खाऊ दे, हातावरच खाल्लं पाहिजे हा हट्ट सोडा. मांसाचा तुकडा पायाच्या बोटांवर किंवा चोचीला हलकेच लावला की कधी कधी नुसत्या चिडून चावतो आणि चव लागली की खातो.

8. वजन किती उतरवायचं? आकडा सांगा.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि आकडा कुणीही दिला तरी घेऊ नका, तो त्याच्या पक्ष्याचा आहे.

पद्धत सांगतो. पक्षी आला त्या दिवशीचं भरलेलं वजन लिहून ठेवा. मग खाणं थोडं थोडं कमी करत वजन हळू उतरवायचं, दिवसाला एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि रोज बघायचं की पक्षी काय करतोय. एका वजनाला तो हातावर खायला लागतो, अजून थोडं खाली गेल्यावर हातावर पाऊल टाकतो, मग उडी मारतो. मोठ्या ससाण्यात साधारण भरलेल्या वजनाच्या दहा-बारा टक्के खाली आल्यावर चांगला प्रतिसाद दिसतो, पण काही पक्षी पाच टक्क्यांतच ऐकतात. ज्या वजनाला तो चटकन येतोय आणि तरी अंगात ताकद आहे ते आजचं उडवायचं वजन. आजचं म्हटलं मी, कारण पुढे पक्षी शिकत जातो, उडून उडून स्नायू तयार होतात आणि तेच काम जास्त वजनावर करतो, त्यामुळे वजन हळूहळू वर न्यायचं असतं. पहिल्या महिन्यातला आकडा भिंतीवर लिहून सगळा सीझन त्यालाच चिकटून राहणारे लोक अर्धमेला पक्षी उडवत असतात आणि वर म्हणतात ससाणा फार आळशी निघाला.

वजन रोज एकाच वेळी, सकाळी न पचलेल्या पिसांची गोळी तोंडातून टाकून झाल्यावर (प्रश्न 10). थंडी पडली तर तेवढ्याच वजनाला पक्षी जास्त भुकेला असतो, थंड रात्री तो अंग गरम ठेवायलाच बरंच जाळतो, म्हणून थंडीत वजन वर आणि उकाड्यात थोडं खाली. वही ठेवा: वजन, काय खाल्लं, किती, हवा कशी, कसा उडाला. एवढी एक वही असली की पुढचे निम्मे प्रश्न विचारायची वेळ येत नाही.

आणि पक्षी ऐकत नसेल तर लगेच अजून कापू नका. आधी विचार करा की तो भुकेला नाही, की घाबरलाय, की त्याला तुम्ही काय म्हणताय तेच समजलं नाहीये. घाबरलेल्याचं वजन उतरवलं तर घाबरलेला आणि अशक्त पक्षी मिळतो.

9. म्हणजे उपाशी ठेवूनच शिकवता ना? क्रूर नाही का हे?

उपाशी नाही, भूक असेल एवढं. रानातला ससाणा सुद्धा पोट भरलं की दिवसभर कड्यावर बसून राहतो, भूक लागली की उडतो, आपण त्याच भुकेच्या वेळेला काम करतो. अशक्त पक्षी उडूच शकत नाही, त्यामुळे उपासमार केली तर आपलाच उद्देश फसतो. पण खोटं बोलणार नाही, वाईट हातात हे नक्कीच क्रूर होतं, आणि म्हणूनच काटा, वही आणि डोक्यावर एखादा जाणकार माणूस याशिवाय सुरू करू नये असं मी म्हणतो.

पक्षी प्रेमापोटी परत येत नाही हेही मान्य करून टाका. तुमच्याकडे अन्न सगळ्यात कमी कष्टात आणि दरवेळी मिळतं, तुमच्यामुळे कधी वाईट झालं नाही, म्हणून तो येतो. सगळं ट्रेनिंग एवढ्यावर उभं आहे.

10. खायला काय आणि किती?

अख्खे प्राणी, म्हणजे मांस, हाड, पिसं सगळं मिळतं. बटेर उत्तम, एक दिवसाची कोंबडीची पिल्लं सोयीची, उंदीर चालतात. नुसतं बोनलेस मांस रोज दिलं तर कॅल्शियम कमी पडतं आणि वाढत्या पिल्लाची हाडं वाकतात. बहिरीच्या मादीला दिवसाला साधारण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास लागतं, छोट्या जातींना त्यांच्या मानाने बरंच जास्त. कबुतर देऊ नका, निदान ताजं तरी नाही, तोंडात पिवळे चट्टे येणारा ट्रायकोमोनास त्यातून येतो. छऱ्याने मारलेलं काहीही नको, शिशाचा एक बारीक तुकडा पुरतो मारायला.

पिसं-केस पचत नाहीत, त्यांची गोळी होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी ती तोंडातून टाकतो. गोळी टाकायच्या आधी परत खायला घालायचं नाही. गोळी घट्ट, कोरडी, वास नसलेली हवी. पाणी तो फार पीत नाही पण अंघोळीचा टब ठेवाच.

11. टोपी घालायला देतच नाही, डोकं फिरवतो.

टोपी म्हणजे त्याला अंधार आणि शांतता, गाडीत नेताना, अनोळखी गर्दीत फार उपयोगाची. युरोपात टोपी अरबांकडून गेली, सम्राट फ्रेडरिक दुसरा तेराव्या शतकात ती त्यांच्याकडून शिकला. पण घालायची ट्रिक सगळीकडे एकच आहे: चोच आधी तिच्या फटीत, मग एकाच सलग हालचालीत डोक्यावर, मागच्या चामड्याच्या वाद्या एक दाताने आणि एक मोकळ्या हाताने ओढायच्या. तोंडासमोर टोपी नाचवत "घाल ना, घाल ना" करत बसलात तर तो आयुष्यभर टोपीला घाबरेल. आधी लाकडी मुठीवर सराव करा.

फिटिंग बघा. डोळ्याला टेकत असेल किंवा चोचीच्या कोपऱ्यात काचत असेल तर पक्षी नाही म्हणणारच, आणि त्याचं बरोबर असेल. सुरुवातीला पाच मिनिटं टोपी, काढली की लगेच तुकडा. खरूचीसारख्या छोट्या पक्ष्यांना बरेच लोक टोपी घालतच नाहीत, चालतं.

12. ल्युअर कधी दाखवायचा?

हातावर बिनधास्त उडी मारून यायला लागला की. ल्युअर म्हणजे चामड्याची गादी, त्यावर पंखांची जोडी आणि बांधलेलं मांस, दोरीला लावलेलं. पहिल्यांदा जमिनीवर, दोन फुटांवर, मांस स्पष्ट दिसेल असा टाका आणि त्याला तिथेच पोटभर खाऊ द्या. ससाण्याच्या डोक्यात ल्युअर म्हणजे सगळ्यात मोठी मेजवानी हे पक्कं बसलं पाहिजे, कारण उद्या तो आकाशात ठिपका झालेला असताना तुमच्याकडे परत आणणारी ही एकच वस्तू आहे. म्हणून रिकामा ल्युअर कधी दाखवायचा नाही, गंमत म्हणून फिरवायचा नाही. फिरवून झपाटे मारायला लावणं हा नंतरचा व्यायाम, आणि त्यातही आदळू देऊ नका, वेगात आलेल्या पक्ष्याला ल्युअर चेहऱ्यावर बसला तर इजा होते.

13. लांब दोरीवर किती दिवस उडवू?

जोपर्यंत तो पन्नास मीटरवरून, शिट्टी वाजल्या वाजल्या, इकडेतिकडे न बघता सरळ येत नाही तोपर्यंत, आणि तेही सलग तीन-चार दिवस, वेगळ्या जागी, समोर एखादा अनोळखी माणूस उभा असताना. कॅलेंडर बघू नका. दोरीचं टोक झाडाला किंवा खुंटीला बांधू नका, जोरात गेलेला पक्षी एकदम थांबला तर पायाला, कंबरेला झटका बसतो. टोकाला घसरत जाईल असं हलकं वजन ठेवा. मैदान कापलेल्या गवताचं, दगड-झुडूप नसलेलं. आणि जेव्हा पक्का येतोय असं दिसलं तेव्हा उगाच लांबवूही नका, दोरीवर कंटाळलेला पक्षी वाईट सवयी लावून घेतो.

14. पहिल्यांदा मोकळा सोडायची भीती वाटते. नेमकं कसं करू?

भीती वाटायलाच हवी. चेकलिस्ट म्हणून घ्या: वजन बरोबर, गोळी टाकून झालेली, ट्रान्समीटर चालू आणि हातात रिसीव्हर टेस्ट केलेला, लीश-स्विव्हल काढलेलं, बिनचिरेच्या जेसेस, ल्युअरवर भरपूर मांस. जागा दोरीवर उडवलं तीच. आसपास उघड्या विजेच्या तारांचे खांब नकोत, मोकळे उडणारे ससाणे त्यावर बसून शॉक लागून मरतात आणि हे फार कॉमन आहे.

वेळ संध्याकाळची, अंधाराला तासभर उरलेला. दुपारी गरम हवा वर उठते, पक्षी त्यावर तरंगत जातो, मजा येते त्याला, आणि मग भूक-बिक सगळं विसरतो. जोराच्या वाऱ्यात नाही, पावसाआधी नाही. मग दोरीवर जेवढ्या अंतरावरून बोलवत होता त्याच्या निम्म्या अंतरावरून बोलवायचं, आला की ल्युअरवर पूर्ण जेवण आणि घरी. "एकदा अजून" नाही. दुसऱ्या दिवशी थोडं लांब.

काही पक्षी पहिल्या दिवशी सरळ न येता डोक्यावरून दोन घिरट्या मारतात. ल्युअर लगेच खाली टाकू नका आणि हाका मारत पळूही नका, फिरू द्या, तो स्वतः वळून तुमच्याकडे बघेल तेव्हा ल्युअर काढा.

15. सगळं मिळून किती दिवस लागतात?

रोज वेळ दिला तर पहिल्या दिवसापासून मोकळं उडेपर्यंत साधारण तीन-चार आठवडे, काही पक्षी लवकर. शनिवार-रविवारचा छंद म्हणून होत नाही. पुढे सीझनभर रोज एक-दोन तास द्यावे लागतात आणि बंदिस्त ससाणा पंधरा वर्षं सहज जगतो, तेवढा हिशोब आधी करा.

16. येतो पण उंच जातच नाही, झाडाच्या उंचीवरच घिरट्या घालतो.

कारण तुम्ही त्याला तेच शिकवलंत, खाली असताना ल्युअर दिला. ससाणा ताशी 300 किलोमीटरच्या पुढे सूर मारतो तो उंचीच्या जोरावर, पण पिल्लाला उंची म्हणजे जेवण हे कुणीतरी दाखवावं लागतं. आता बरेच जण ड्रोन किंवा पतंग वापरतात: खाली आमिष लटकवायचं, आधी जमिनीवर उभ्या ड्रोनजवळ खायला घालायचं म्हणजे आवाजाची भीती जाते, मग दहा मीटर, मग वीस, असं रोज चढवत न्यायचं. आमिष पकडलं की क्लिप सुटते आणि पक्षी छोट्या पॅराशूटसकट खाली येतो. पंखे उघडे असलेला ड्रोन अजिबात नको.

ड्रोन नसेल तर धीर. घिरट्या घालू द्या, तो जरासा वर चढला, तुमच्या डोक्यावर आला की त्याच क्षणी ल्युअर. फार खाली वजन असलेला पक्षी कधीच वर जात नाही, तो जेवणाच्या जवळ घुटमळतो, म्हणून इथे वजन थोडं वाढवून बघायचं. लोक नेमकं उलटं करतात.

17. सारखा किंचाळतो, शेजारी वैतागलेत. आणि खाताना पंख पसरून झाकून घेतो, ल्युअर घेऊन पळतो.

तीन प्रश्न आहेत पण मूळ बरंचसं एक. किंचाळणं इम्प्रिंटमुळे असेल (प्रश्न 3) तर पूर्ण जात नाही, कमी होतं. वजन वर न्या, तुमच्या दिसण्याचा आणि जेवणाचा संबंध तोडा, म्हणजे कधी नुसतंच जवळ जाऊन बसा, कधी अन्न त्याच्या नकळत ठेवा. ओरडल्यावर खायला घातलं तर संपलं.

पंख पसरून झाकणं आणि पळणं म्हणजे त्याला वाटतंय तुम्ही त्याचं अन्न चोराल. आणि बहुतेक तुम्ही चोरलेलं असतं, ल्युअरवरून हिसकावून उचललेलं असतं. तो खात असताना गुडघ्यावर, बाजूने, हळू जवळ जा आणि ल्युअरवर अजून तुकडे टाका, तुम्ही जवळ आलात की जेवण वाढतं हे त्याला कळू दे. उचलायचा तेव्हा ग्लोव्हवर मोठा चांगला तुकडा दाखवून त्याला स्वतः चढू द्या, ल्युअर मागून गुपचूप सरकवा. ल्युअर एवढा जड ठेवा की उचलून नेता येणार नाही.

18. आजारी आहे हे कसं ओळखायचं? पायाखाली सूज दिसतेय.

ससाणा आजार शेवटपर्यंत लपवतो, म्हणून छोट्या गोष्टी बघायच्या. शीट रोज बघा: पांढऱ्यात काळा ठिपका म्हणजे ठीक, हिरवट म्हणजे पोट रिकामं किंवा आजार. दिवसा डोळे मिटून दोन्ही पायांवर फुगून बसणं वाईट, एक पाय वर घेऊन पिसं फुलवून बसणं चांगलं. आवाज बदलला, थोडं उडून तोंड उघडं टाकून धापा टाकतोय तर फुफ्फुसातली बुरशी असू शकते, ओलसर, बुरसट जागेतून येते आणि उशीर केला की हाताबाहेर जाते. तोंडात पिवळट चट्टे असतील तर प्रश्न 10 मधला आजार.

पायाखालची सूज म्हणजे बंबलफूट. गुळगुळीत ब्लॉक, जास्त वजन, कमी उडणं, किंवा स्वतःचंच नख टोचणं. नुसती लाली असेल तर ब्लॉकचं आवरण बदला आणि उडवा, सूज गरम, कडक किंवा काळी खपली असेल तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडे आजच. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरला बऱ्याचदा ससाण्याचा अनुभव नसतो, त्यामुळे डॉक्टर आधी शोधा, पक्षी नंतर आणा.

19. शेपटीचं पीस मोडलं. वर्षभर थांबायचं का?

नुसतं वाकलं असेल तर गरम पाण्यात बुडवलं की सरळ होतं, जादू वाटते पण होतं. तुटलं असेल तर जुन्या गळालेल्या पिसाचा तुकडा आत बांबूची किंवा कार्बनची बारीक काडी घालून चिकटवतात, याला इम्पिंग म्हणतात. म्हणूनच गळालेलं प्रत्येक पीस क्रमाने जपून ठेवतात. पीस मुळापासून उपटून काढू नका, तिथे नवीन पीस वेडंवाकडं येऊ शकतं किंवा येतच नाही. पिसं पहिल्यांदा साधारण एक वर्षाचा झाल्यावर बदलतात, तपकिरी पिल्लू राखाडी-निळसर होतं. त्या काळात उडवणं बंद, पोटभर खाणं, शांतता.

20. उडाला आणि दिसेनासा झाला! आता?

शेवटचा दिसला ती जागा सोडू नका, एक माणूस तिथेच ल्युअर घेऊन थांबवा. दुसऱ्याने रिसीव्हर घेऊन वारा जिकडे जातोय त्या दिशेला जायचं. सिग्नल कमी असेल तर उंचावर चढा. कावळ्यांचा गोंधळ ऐका, ते कुणाला तरी छळत असतात. अंधार पडला तर तो कुठे बसलाय ते शोधून ठेवा आणि उजाडायच्या आधी झाडाखाली हजर राहा, सकाळी उठल्या उठल्या भूक असते तेव्हाच येतो. त्याने रानात शिकार करून पोट भरलं असेल तर तुमचा ल्युअर बघूनही न बघितल्यासारखं करेल, मग फक्त त्याच्या मागे राहायचं आणि उद्याची भूक यायची वाट बघायची.

21. रस्त्यावर ससाण्याचं पिल्लू सापडलं, तेच ट्रेन केलं तर?

नाही. आधी बघा ते खरंच अनाथ आहे का, उडायला शिकणारी पिल्लं जमिनीवर पडतात आणि आईबाप जवळच असतात. जखमी असेल तर अंधाऱ्या खोक्यात, पाणी-दूध-भात काही न भरवता, वनविभाग किंवा बचाव केंद्राला द्या. कायद्याचं प्रश्न 1 मध्ये आहेच.

22. ट्रेन केलेला पक्षी परत रानात सोडता येतो का?

त्या प्रदेशातलीच जात असेल, आईबापांनी वाढवलेला असेल आणि स्वतः शिकार करत असेल तर येतो, अर्थात परवानगी घेऊन. बचाव केंद्रांमध्ये जखमी ससाण्यांना दोरीवर आणि ल्युअरवर उडवून फिट करतात आणि मगच सोडतात. अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकामुळे बहिरी ससाणा जवळजवळ संपला होता, तिथे पक्षीतज्ज्ञ टॉम केड यांनी 1970 मध्ये पेरेग्रीन फंड सुरू केला आणि ससाणे पाळणाऱ्यांची जुनी पद्धत वापरली: पिल्लं उंच जागी पेटीत ठेवायची, माणूस न दिसू देता अन्न टाकायचं, ती उडायला लागली तरी शिकार जमेपर्यंत अन्न तिथेच मिळत राहतं. 1999 मध्ये तिथला बहिरी ससाणा धोक्यातल्या जातींच्या यादीतून बाहेर पडला.

इम्प्रिंट मात्र सोडू नका, तो कुणाच्या तरी डोक्यावर उतरेल. संकर किंवा परदेशी जात तर कधीच नाही, स्थानिक पक्ष्यांशी जोडी जमली तर त्यांची पैदास बिघडते. आणि सोडायच्या आधी घंटी, जेसेस, पायातले कडे सगळं कापून काढा.